पालथा हात

सत्त्याण्णव.
आकडा तांबडा झाला
आणि मशीन स्वतःहून मेलं, चौथ्यांदा.

अजून काही केलंच नव्हतं मी.
ना टॉवर उभा केला होता, ना त्याच्या गच्चीवर तरणतलाव,
ना काठावर, बिल्डरला हवी असते तशी, छत्रीखालची बाई.
नुसतं बटण दाबलं होतं.
अठरा हप्त्यांपैकी
पहिलाही कापला गेला नव्हता.

मग काढलं सगळं.
तांब्याचा ब्लॉक उचलला, राखाडी पेस्ट पुसली
पपाच्या जुन्या बनियनच्या तुकड्यानं,
नवी लावली: आधी तांदळाच्या दाण्याएवढी,
मग वाटाण्याएवढी, मग वैतागून
भाकरीवर लोणी फासावं तशी.
चारी स्क्रू फुलीफुलीनं आवळले.
तळाचं प्लास्टिक सोलायचं राहिलं का,
नखानं खरवडून बघितलं. नव्हतं राहिलं.
पंखे उलटे बसलेत का, म्हणून
उदबत्ती लावून धूर कुठं जातो ते पाहिलं.
आई म्हणाली, झाली का पूजा?

सत्त्याण्णव.

वाशीच्या दुकानातला मुनीर म्हणाला,
प्रोसेसरच फॉल्टी असणार, पाठवून द्या, पंधरा दिवस.
पंधरा दिवस! सोमवारी सबमिशन.
पंप तर चालतोय, मी म्हटलं, हे ऐका,
आणि फोन कॅबिनेटच्या पोटाला लावला.

तेव्हा पपा दारात उभा होता.

सव्वीस वर्षं रबाळ्याच्या रंगाच्या कंपनीत
कूलिंग टॉवरवर. आता त्या प्लॉटवर
खिडक्या नसलेली इमारत आहे, आत म्हणे
नुसती मशीनं, आणि त्यांना गार करणारं पाणी.
तिथं त्याला कुणी विचारलं नाही.

"चालू कर, बाय."
चष्मा न लावताच वाकला.
तळहाताला त्याच्या काही कळत नाही,
एका व्हॉल्व्हच्या वाफेनं तो केव्हाच शिजवून ठेवलाय,
म्हणून हात पालथा केला
आणि एका नळीला लावला, मग दुसरीला,
दोन पोरांचा ताप बघावा तसा.

"ही पोलतेय. ही थंडगार.
वरची जाली पन थंड.
पंप नुसता वरडतोय, पानी चालत नाय.
हवा अरकलीय."

बस. आकडा त्यानं पाहिलाही नाही.

मग आम्ही दोघांनी तो काचेचा पेटारा
भरल्या टोपासारखा उचलला,
चालू, तसाच,
डावीकडे कलता, मग उजवीकडे, मग मागं,
आई वायर धरून ओरडतेय, शॉक लागेल गं,
आणि पपा कान लावून:
"थांब. अजून. हां, आता सोर."

टाकीत आधी एकच बुडबुडा आला,
लाजल्यासारखा.
मग एकदम सात-आठ,
घटाघटा पिणाऱ्याच्या घशात होतो तसला आवाज,
आणि नळ्यांतलं निळं पाणी
हललं.
पातळी बोटभर उतरली.
डिस्टिल्ड वॉटरची बाटली मी तिरकी केली.
"सावकाश. घाईनं ओतलंस का परत हवा घेल."

नव्वद. चौसष्ट. एकोणपन्नास.
एकेचाळीसवर टेकला.
मे महिन्यात घणसोलीत
याहून फार थंड माणूसही नसतो.

हे पुस्तिकेतच होतं, पपा, मी म्हटलं, पान बत्तीस,
मशीन तिरकं करून हवा काढा म्हणून. मी वाचलंच नाही.
"आमचं बुक जर्मनमधी होतं," तो म्हणाला
आणि हात धुवायला गेला.

रात्री दोन वाजता टॉवर रेंडर होत होता.
तेहेतिसाव्या मजल्यावर, माझ्या तलावात
एकेक चौकोन करत पाणी भरत होतं.
तो उठला, आत आला,
एवढ्या मोठ्या पडद्याकडे न बघता
पालथा हात नळीला लावून उभा राहिला,
लागतो त्याहून जरा जास्त वेळ.
मग बाटलीचं झाकण उघडं राहिलं होतं,
ते लावून गेला.